गडगडल्यानंतर येणारे फोन

शुभांगी गेली त्या दिवशी मी मालवणच्या बाजारात दाजी परबांच्या दुकानात प्रिंटर बसवत होतो. अकरा वाजून वीस मिनिटांनी शेजाऱ्यांचा फोन आला. मी हत्यारं पिशवीत भरली आणि निघालो. रुग्णालयात पोचलो तेव्हा एक वाजला होता. ती साडेबाराला गेली होती.

शुभांगी माझी पत्नी. एकोणीस वर्षं आम्ही दोघांनी कॉम्प्युटर आणि प्रिंटर दुरुस्तीचं काम केलं. यंत्रं मी उघडायचो, फोन ती घ्यायची. या धंद्यात फोन घेणं हेच निम्मं काम आहे, हे मला ती असताना कधी कळलं नाही. मला वाटायचं, ती निरोप घेते आणि मी काम करतो.

मी मुळात बोलणारा माणूस नाही. मराठी घेऊन एम. ए. झालो आणि काही वर्षं एका वाचनालयात हंगामी ग्रंथपाल होतो. वाचनालयाला एक जुना कॉम्प्युटर कोणीतरी भेट दिला होता. तो बंद पडला की मी उघडून बघायचो. पुढे गावातले लोक आपापले कॉम्प्युटरचे डबे घेऊन यायला लागले. यंत्राशी बोलावं लागत नाही, हेच मला त्या कामातलं सुख वाटलं असावं. माणसांशी, त्यातून फोनवर, बोलायचं म्हटलं की मला आधी मनात वाक्य जुळवावं लागतं, आणि ते जुळेपर्यंत समोरचा दुसरंच काही विचारत असतो.

ज्यांचा या कामाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार एकच: प्रिंटर ऑफलाइन दाखवतो. लोकांना वाटतं प्रिंटर बिघडला. तसं क्वचितच असतं. कॉम्प्युटरने हाक मारली आणि प्रिंटरची ओ आली नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. ओ न येण्याची कारणं मात्र नाना तऱ्हेची. तोंडवलीला घरातच पर्यटकांची सोय करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांचा प्रिंटर चांगला चालत होता तो अचानक ऑफलाइन झाला. मी बावीस किलोमीटर स्कूटर हाणत जाऊन बघितलं तर काहीच बिघाड नव्हता. दोन तास शोधल्यावर त्यांची पत्नी म्हणाली, "हो आधी पडवेर होतो." येणारा प्रत्येक पाहुणा फुकट तिकीट छापून मागायला लागला, म्हणून त्यांनी प्रिंटर पडवीतून उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवला होता. मधे चिऱ्याच्या दोन जाड भिंती. वाय-फायची हाक तिथवर पोचत नव्हती. ही गोष्ट त्यांना सांगण्यासारखी वाटली नाही आणि मला विचारण्यासारखी सुचली नाही.

शुभांगीने ती दोन मिनिटांत काढली असती. ती बारावी झालेली, रेडीची, आणि कॉम्प्युटर तिने स्वतः कधी फारसा वापरला नाही. पण फोन तिने घ्यायचा. बहुतेक वेळा स्वयंपाकघरातच, फोन डब्याला टेकवून, स्पीकर चालू ठेवून.

"वयनी, प्रिंटर ऑफलाइन दाखवता."

"दाखवू दे. दिवो कसलो पेटता?"

"निळो."

"सरळ पेटता की लुकलुकता? नीट बघून सांग, माका घाई नाय."

"लुकलुकता."

"बरा. आता तो प्रिंटर खंय आसा? काल होतो थयच मा?"

माणूस घाबरलेला असतो, त्याने आधीच चार बटणं दाबलेली असतात आणि ती कबूल करायची त्याला लाज वाटते, हे तिला ठाऊक होतं. त्यामुळे 'तुम्ही काय केलंत?' असं ती कधी विचारायची नाही. 'काय दिसतं?' असं विचारायची. एका वेळी एकच. 'अगदी सोपं आहे' हे शब्द वापरायला तर तिने मलाही बंदी घातली होती. म्हणायची, "सोपा असता तर तेनी फोन कित्याक केलो असतो?"

आणखी एक शोध तिचा आहे, आणि तो मी माझा म्हणून अनेकांना सांगितला आहे. एकदा ती म्हणाली, "तुम्ही बघलात काय, गडगडला की दुसऱ्या दिवशी हे फोन येतत." मी हसलो होतो. पण मग लक्ष ठेवलं आणि ती बरोबर होती.

आमच्याकडे आभाळ गुरगुरलं की घरातला पहिला जो कोणी असेल तो उठून सगळ्या पिना काढतो. टीव्हीची, फ्रिजची, मिक्सरची, आता राउटरची. ही सवय घरात कोणी शिकवत नाही, ती असतेच. ज्याच्या घरात एकदा वीज शिरून टीव्ही जळला त्याची नातवंडंही पिना काढतात. यात चूक काहीच नाही. गंमत पुढे होते. राउटर हा दवाखान्यातल्या कंपाउंडरसारखा असतो. जो आधी येईल त्याला आधीचा नंबर. वीज काढली की साधे राउटर सगळे नंबर विसरतात आणि पुन्हा चालू झाल्यावर नव्याने वाटायला लागतात. काल प्रिंटरला चार नंबर होता, आज तो उशिरा जागा झाला म्हणून नऊ मिळाला. कॉम्प्युटर मात्र कालचा चार धरून बसलेला असतो. तो चार नंबरला हाका मारतो, तिथून ओ येत नाही, आणि तो पडद्यावर लिहितो, ऑफलाइन.

याला उपाय आहे. राउटरमध्ये शिरून प्रिंटरच्या नावावर एक नंबर कायमचा राखून ठेवायचा. मग कितीही गडगडो. दहा मिनिटांचं काम. नवीन प्रिंटर बसवला की सर्वांत शेवटी मी हे करायचो.

दाजी परबांच्या दुकानात त्या दिवशी ते करायचं राहिलं होतं. अकरा वीसला मी राउटरचं पान उघडूनच बसलो होतो.

दाजी दस्त लिहितात. साठेखत, हक्कसोडपत्र, कुलमुखत्यारपत्र. वय सत्तरीला आलेलं, अक्षर छापल्यासारखं, पण आता हाताने लिहिलेला दस्त कोण घेणार, म्हणून टायपिंग शिकले. शाईची टाकी असलेला तो प्रिंटर त्यांनी हौसेने घेतला होता. त्यांचं काम अर्धं टाकून आलोय हे मला पक्कं आठवत होतं. जून संपला, जुलै गेला. रात्री ढग वाजले की मी अंथरुणात उठून बसायचो आणि पहिला विचार दाजींच्या प्रिंटरचा यायचा. उद्या जाऊ, असं ठरवायचो. सकाळी त्या दुकानातली ती खुर्ची डोळ्यांसमोर यायची आणि मी दुसऱ्या गावच्या कामाला निघायचो.

फोनचं तर विचारूच नका. शुभांगीचा नंबरच सगळ्या गिऱ्हाइकांकडे होता. तो फोन आता माझ्या खिशात असायचा. मी तो वाजू द्यायचो आणि थांबल्यावर मेसेज करायचो, 'काय अडचण आहे ते लिहून कळवा.' लोक लिहायचे, 'प्रिंटर ऑफलाइन.' त्यावरून काय कळणार? मग मी गाडी काढून जायचो. पंचवीस किलोमीटर जाऊन एक पीन नीट बसवायची आणि परत यायचं. लोक काही म्हणत नव्हते. दुखवट्यातल्या माणसाला कोण काय म्हणणार?

अशात गणपती आले. आमच्या घरी त्या वर्षी नव्हते. पाचव्या दिवसाचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रेडीला होतो. तिथे लोहखनिजाची वाहतूक करणारं एक छोटं कार्यालय आहे. त्यांच्या प्रिंटरच्या रबरी रोलरांवर लाल धूळ इतकी बसते की कागद घसरून अडकतो. ती पुसायला मला वर्षातून दोनदा बोलावतात. दुपारपर्यंत मी प्रिंटर उघडून सगळे भाग टेबलावर मांडले होते. उत्तरेकडे आभाळ काळं झालं होतं आणि मधूनच गुरगुरत होतं.

अडीचला फोन वाजला. पडद्यावर 'दाजी परब'. मी बघत राहिलो. वाजून थांबला. दोन मिनिटांनी पुन्हा. मी हातातलं फडकं खाली ठेवलं, पण फोन उचलला नाही. मला वाटलं, आता ते त्या दिवसाबद्दल बोलणार. मेसेज लिहायला घेतला आणि पुसला. दहा मिनिटं नुसता रोलर पुसत बसलो, तो स्वच्छ झालेला असूनही. पावणेतीन होऊन गेल्यावर तिसरा फोन आला तेव्हा त्या कार्यालयातले कारकून म्हणाले, "घेवा हो. कोणाचा तरी अडला असतला."

मी घेतला.

"रे वसंता, खंय आसस?" दाजींचा आवाज नेहमीचा नव्हता.

"रेडीला."

"मेलो. येवक दोन तास लागतले तुका." मग त्यांनी भराभर सांगितलं.

तोंडवलीच्या सावूकाकींचं हक्कसोडपत्र होतं. सावूकाकी म्हणजे सत्तर-बहात्तर वर्षांची, मूलबाळ नसलेली विधवा. ती राहते ते घर दोन गुंठ्यांत आहे आणि त्या दोन गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर अकरा नावं. एक तिचं, दहा तिच्या पुतण्यांची. कोकणातल्या जमिनी अशाच असतात, आजोबाच्या नावावरून उतरत आलेल्या आणि कोणी न वाटलेल्या. घराचं छप्पर खचत होतं, पण नवं घालायचं तर दहा जणांची संमती हवी. शिवाय किनाऱ्याला लागून असल्यामुळे त्या दोन गुंठ्यांना आता भाव आला होता. पुतणे भले होते, त्यांनी आपापला हक्क काकीच्या नावे सोडायचं ठरवलं होतं. पण दहा चाकरमानी एका जागी कधी येणार? गणपतीलाच. विसर्जन झालं की दुसऱ्या दिवसापासून एकेक जण परत निघतो. म्हणजे तो एकच दिवस होता. नोंदणीसाठी चारची वेळ मिळाली होती. त्यातल्या विलासचं त्याच संध्याकाळचं कुडाळहून मुंबईचं तिकीट होतं. त्याला साडेतीनला निघायलाच हवं होतं. उपनिबंधकांनी त्याला सव्वातीनला आधी आत घेऊ असं कबूल केलं होतं, दस्त हातात असेल तर.

"आणि दस्त?" मी विचारलं.

"दस्त कॉम्प्युटरात आसा. प्रिंटर ऑफलाइन दाखवता."

दुसरीकडे छापून आणा, असं मी म्हणालो. दाजी म्हणाले, बाराला जोराचं गडगडलं, तेव्हापासून बाजारात वीज नाही. झेरॉक्सवाले अंधारात बसलेत. दाजींकडे इन्व्हर्टर होता म्हणून त्यांचं तेवढं चालू होतं.

"केबलने जोडा. प्रिंटरच्या मागे चौकोनी भोक आहे, त्यात बसणारी वायर."

"ती वायर हय नाय रे."

मी पायाशी असलेली पिशवी उघडली. ती वायर पिशवीच्या तळाशी होती. त्या दिवशी घाईत हत्यारांबरोबर माझ्याकडे आली होती. मी पिशवी बंद केली.

काय विचारायचं ते मला सुचेना. मनात वाक्य जुळत नव्हतं. मग मी डोळे मिटले आणि तिच्यासारखं सुरू केलं.

"दाजी, गडगडलं तेव्हा पिना काढल्या होत्यात?"

"काढल्यय तर. सगळ्यो."

"परत घालताना आधी कुठली घातलीत?"

"राउटराची. मग कॉम्प्युटर. प्रिंटर आत्ताच लावलंय, दस्त तयार झाल्यार."

"आणि दुकानात माणसं किती आहेत?"

"अकरा. काकी धरून. मोबाइलार नेट येना नाय म्हणान सगळे माझ्या वाय-फायवर बसलेत."

दहा मोबाइल. सगळ्यांनी प्रिंटरच्या आधी येऊन नंबर घेतले होते. दाजींचा कॉम्प्युटर ज्या नंबरावर दस्त पाठवत होता तिथे आता कुठल्यातरी पुतण्याचा फोन होता.

मी म्हणालो, सगळ्यांना वाय-फाय बंद करायला सांगा. राउटर बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा. मग आधी प्रिंटर. त्याचा दिवा सरळ पेटेपर्यंत दुसरं काही लावू नका. बहुतेक वेळा एवढ्याने होतं. मी कानाला फोन लावून उभा होतो. पलीकडे खुर्च्या सरकत होत्या. कोणीतरी कोणाला तरी म्हणत होतं, "विलास्या, घड्याळ कित्याक बघतस? गाडी तुका सोडून जावक नाय." आणि विलासचा आवाज, "तुमका काय, तुमची परवाची तिकिटां." तेवढ्यात एक वयस्क आवाज चढला. हे थोरले पुतणे बापू, असं मला नंतर कळलं. ते देवाला गाऱ्हाणं घालत होते.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरांनी एकत्र येवन एक काम हाती घेतलेला आसा, तेच्यात ह्या यंत्राचो काय अडथळो असात तर तो दूर कर..."

"व्हय म्हाराजा," बाकीचे म्हणाले. मधे कोणीतरी हसलं आणि बापूंनी त्याला दटावलं.

"वसंता, दिवो सरळ झालो," दाजी म्हणाले. "पाठवतंय." मग मिनिटभराने म्हणाले, "ऑफलाइनच."

पाच मिनिटांनी कारण कळलं. बापूंनी वाय-फाय बंद केलंच नव्हतं. त्यांचा मोबाइल खिशातल्या खिशात विसर्जनाचे फोटो मुंबईला पाठवत होता. प्रिंटरला जागं व्हायला मिनिटभर लागतं, मोबाइलला क्षणही लागत नाही. तो पुन्हा आधी जाऊन बसला होता. सव्वातीन झाले होते.

आता नंबर परत मिळवण्याची आशा सोडून कॉम्प्युटरला नवा नंबर सांगणं भाग होतं. हे काम मी एरवी स्वतः करतो. फोनवर कधी सांगितलं नव्हतं. दाजींना म्हणालो, प्रिंटरवर इंग्रजी आय काढलेलं छोटं बटण आहे, ते दाबा, एक कागद बाहेर येईल. त्यांनी दाबलं. कागद सरकण्याचा आवाज मला रेडीत ऐकू आला. आणि फोन कट झाला.

मी लावतो तर लागेना. बाहेर रस्त्यावर गेलो, मागच्या बाजूला गेलो, एका ट्रकच्या पायरीवर चढून उभा राहिलो. आठ मिनिटांनी लागला.

या वेळी फोनवर दाजी नव्हते. "पुता, मी सावू," बाईचा आवाज आला. "दाजी कॉम्प्युटरार बसलेहत. माका सांग, मी तेंका सांगतंय."

"काकी, कागद आलाय त्यावर मधोमध आकडे आहेत. मधे मधे टिंबं. शेवटच्या टिंबानंतरचा आकडा कोणता?"

"थांब, चष्मो." फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज. मी ट्रकच्या दाराला धरून उभा होतो. "एक आणि चार. चौदा."

"नक्की चौदा?"

"चौथीपर्यंत शाळेत गेलंय रे. चौदा."

मी एकेक पायरी सांगत गेलो. प्रिंटरच्या चित्रावर उजवं बटण. काय दिसतं? पोर्ट्स असं लिहिलेलं कुठे दिसतं? त्यावर. आता काय दिसतं? काकी माझं प्रत्येक वाक्य मोठ्याने दाजींना सांगत होती आणि दाजींचं उत्तर मला. तिला त्यातला एक शब्दही कळत नव्हता, पण तिने एकही गाळला नाही, एकही बदलला नाही. 'काय दिसतं' एवढंच मी विचारत होतो आणि ती जे दिसत होतं तेवढंच सांगत होती. शुभांगीला अशी गिऱ्हाइकं फार आवडायची.

मधेच काकी थांबली. पलीकडे पावलं वाजली, दार वाजलं.

"काय झालं?"

"काय नाय. विलास गेलो." तिचा आवाज तसाच होता. "पुढे काय करूचा, सांग."

पुढचं सांगितलं. नंबर लिहिला, खिडकी बंद केली, दस्त पाठवला. मग मला प्रिंटरचा आवाज ऐकू आला. पहिलं पान, दुसरं पान. तीन वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती.

दाजींनी फोन घेतला आणि म्हणाले, "थांब. तेचा नाव काढूक होया आता." विलासचं नाव प्रत्येक पानावर होतं. ते वगळून दस्त दुरुस्त केला, पुन्हा छापला. नऊ पुतण्यांनी चारला जाऊन सह्या केल्या, अंगठे दिले. हे मला दाजींनी संध्याकाळी कळवलं. तो फोन मी लगेच उचलला. तोवर मी रेडीतला प्रिंटर जुळवून ठेवला होता आणि त्या कार्यालयाच्या पायरीवर चहा घेत बसलो होतो. चहा गार झाला तरी कप हातात होता.

दुसऱ्या दिवशी मालवणला गेलो. त्याच खुर्चीवर बसून राउटरचं पान उघडलं आणि प्रिंटरच्या नावावर नंबर राखून ठेवला. नऊ मिनिटं लागली. दाजी समोर विड्याचं पान लावत होते.

"हे त्या दिवशीच व्हायचं होतं," मी म्हणालो. "अर्धवट राहिलं. नंतरही आलो नाही. आणि काल तुमचे पहिले दोन फोन मी बघूनही घेतले नाहीत. वीस मिनिटं गेली त्यात."

दाजींनी पानाचं देठ खुडलं. "तीन महिन्यांत धा वेळा ऑफलाइन झालो असतलो हो. मी बंद चालू, बंद चालू करून चालवी होतंय. तुका फोन करूचो म्हटला की वाटा, जाऊ दे, तेच्यावर काय प्रसंग आसा." त्यांनी पानाला चुना लावला. "केलो असतंय तर बरा झाला असता."

विलासला वीस मिनिटं मिळाली असती तर त्याने सही केली असती का, असं मी दाजींना विचारलं. ते म्हणाले, "केली असती. मनात नसता तर तो इलोच नसतो." मग म्हणाले, "पण आता मुंबयक गेलो. आता तेका विचार करूक वेळ गावलो." मला हे वाक्य अजून ऐकू येतं.

सावूकाकीकडे मी आठवड्याने गेलो. तिने बसायला पाट दिला, पोहे केले. छपराच्या एका अंगाला निळं प्लास्टिक घातलेलं होतं. माझी चूक मी तिलाही सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझी बायको गेली ती खंयच्या महिन्यात?" मी सांगितलं. "मगे," ती म्हणाली, आणि पोह्यांवर आणखी खोबरं घातलं. पण निघताना दारात म्हणाली, "विलासाक एकदा तू सांग. माझा तो ऐकता आणि हो म्हणता. तेवढ्यार रवता."

मी त्याचा नंबर घेतला. ज्याला स्वतःच्या गिऱ्हाइकांचे फोन उचलता येत नव्हते त्याने अनोळखी माणसाला मुंबईत फोन करायचा होता. तीन दिवस मी वाक्यं जुळवली. शेवटी न जुळवताच लावला. मी म्हणालो, उशीर झाला तो माझ्यामुळे, दस्ताची किंवा तुमच्या भावांची त्यात काही चूक नव्हती. तो नीट बोलला. म्हणाला, "नाही हो, तसं काही नाही. शिमग्याला येतो तेव्हा करू." शिमग्याला तो आला नाही. मुलीची परीक्षा होती. मे महिन्यात आला तो चार दिवसांसाठी, आणि त्यात शनिवार-रविवार धरून तीन सुट्ट्या होत्या. मी दर महिन्याला फोन करतो. बहुतेक वेळा तो घेतो. किनाऱ्याजवळच्या जागांना आता काय भाव चाललाय, असं त्याने मला गेल्या दोन वेळा सहज विचारलं. मला माहीत नाही, असं मी सांगितलं. या गणपतीला येतो म्हणाला आहे.

मी काम चालू ठेवलं आहे. फोन मीच घेतो. दिवा कसला पेटतो ते विचारतो, गडगडलं का ते विचारतो. बऱ्याच लोकांचं आता गाडी न काढता होतं. पूर्वीच्या जागांची यादी करून जिथे जिथे नंबर राखून ठेवायचा राहिला असेल अशी शंका होती तिथे पुन्हा जाऊन आलो. दोन ठिकाणी राहिला होता.

सावूकाकीच्या सातबाऱ्यावर आता दोन नावं आहेत, तिचं आणि विलासचं. छप्पर अजून घातलेलं नाही.